नामधारी धर्मप्रांताचा इतिहास कसा शोधावा : फुस्सालाचे उदाहरण

गोवा, मंगळूर किंवा मुंबईच्या चर्चचा इतिहास वाचताना 17व्या ते 19व्या शतकातील बिशपांच्या नावांपुढे अनोळखी गावांची नावे आढळतात. कानडा व मलबारच्या किनाऱ्यावर 1675 साली व्हिकर अपोस्टॉलिक, म्हणजे पोपचे प्रतिनिधी, म्हणून नेमले गेलेले थोमास द कास्त्रो गोव्याचे होते, त्यांचे कार्यक्षेत्र मंगळूरच्या बाजूला होते, आणि त्यांची पदवी मात्र ‘फुस्सालाचे बिशप’ अशी होती. फुस्साला ना गोव्यात आहे, ना कर्नाटकात. ते रोमन साम्राज्याच्या नुमिदिया प्रांतातील, म्हणजे आजच्या अल्जीरियाच्या ईशान्य भागातील एक छोटेसे तटबंदीचे गाव होते, आणि द कास्त्रो यांची नेमणूक झाली तेव्हा तेथे एकही कॅथलिक भाविक न उरल्याला कित्येक शतके लोटली होती.

अशा धर्मप्रांताला नामधारी धर्मप्रांत म्हणतात. आपल्या घराण्याचा, गावच्या चर्चचा किंवा एखाद्या बिशपाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला हे नाव लागले की तो बहुधा ते जसेच्या तसे उतरवतो आणि पुढे जातो. असे करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या नावामागे एक खरे गाव, खरी माणसे आणि पुष्कळदा एक खरे भांडण असते, आणि ते शोधून काढता येते. ते कसे शोधावे हे फुस्सालाच्या उदाहरणाने पुढे मांडले आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की या गावाची कहाणी थेट 5व्या शतकातील हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन याच्या पत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचली आहे, आणि ‘भाविकांविना बिशप असू शकतो का’ हा प्रश्नच त्या कहाणीच्या केंद्रस्थानी आहे.

आधी पदवीचा अर्थ नीट लावावा

कोणत्याही बिशपाच्या नोंदीत दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात : त्याचा दर्जा आणि त्याचे काम. ‘फुस्सालाचे नामधारी बिशप, कानडाचे व्हिकर अपोस्टॉलिक’ या नोंदीतील पहिला भाग दर्जा सांगतो आणि दुसरा काम सांगतो. बिशपाचा अभिषेक एखाद्या विशिष्ट धर्मप्रांतासाठीच व्हावा, मोकळा अभिषेक होऊ नये, हा चर्चचा फार जुना दंडक आहे. 451 साली भरलेल्या खाल्सेदोनच्या परिषदेने स्थान न नेमता दिलेली दीक्षा अमान्य ठरवली होती. पुढे पूर्वेकडील व उत्तर आफ्रिकेतील अनेक धर्मप्रांत इस्लामी सत्तेखाली गेल्यावर तेथील बिशप परागंदा झाले किंवा त्यांची परंपरा खुंटली, तरी त्या धर्मप्रांतांची नावे पुसली गेली नाहीत. ज्यांना बिशपाचा दर्जा द्यायचा आहे पण चालू धर्मप्रांत सोपवायचा नाही, अशांना ही नावे दिली जाऊ लागली.

जुन्या कागदांत या पदवीपुढे ‘इन पार्तिबुस इन्फिदेलियुम’ असा लॅटिन शेरा दिसतो. त्याचा अर्थ ‘ख्रिस्ती श्रद्धा न मानणाऱ्यांच्या मुलखातील’ असा आहे. काही नोंदींत तो ‘इ. पा. इ.’ अशा आद्याक्षरांनीही येतो. तो शेरा दिसला तर कागद बहुधा 1882च्या आधीचा समजावा, कारण त्या वर्षी पोप लिओ 13वे यांच्या काळात हा शब्दप्रयोग रद्द करून ‘नामधारी’ हा शब्द रूढ करण्यात आला. 1983च्या धर्मसंहितेतील 376वे कलम तर अगदी साधे आहे : ज्यांच्याकडे धर्मप्रांताची जबाबदारी सोपवलेली आहे ते धर्मप्रांतीय बिशप, बाकीचे सर्व नामधारी.

आजही साहाय्यक बिशप, पोपचे राजदूत आणि व्हॅटिकनच्या खात्यांतील बिशप यांना अशी नावे दिली जातात. निवृत्त होणाऱ्या बिशपांनाही पूर्वी एखादे नामधारी पीठ, म्हणजे नावापुरता धर्मप्रांत, मिळत असे. 1970नंतर ती पद्धत सोडून देण्यात आली आणि ते आपल्याच जुन्या धर्मप्रांताचे ‘निवृत्त बिशप’ म्हणवले जाऊ लागले. म्हणून 1960च्या दशकातील एखाद्या बिशपाची अचानक आफ्रिकेतील गावाकडे बदली झालेली दिसली, तर ती बदली नसून निवृत्ती असण्याचा संभव जास्त असतो.

नावाची सर्व रूपे गोळा करावीत

शोधाची खरी सुरुवात नावापासून होते आणि बहुतेकांची वाट येथेच चुकते. एकाच पीठाचे नाव लॅटिनमध्ये एका रूपात, इटालियन सूचीत दुसऱ्या रूपात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत तिसऱ्याच रूपात येते. फुस्साला कधी एका ‘स’ने तर कधी दोन ‘स’नी लिहिलेले सापडते. लॅटिन कागदांत तर गावाचे नाव पुष्कळदा नाम म्हणून येतच नाही, विशेषण म्हणून येते : ‘एपिस्कोपुस फुस्सालेन्सिस’, म्हणजे फुस्सालाचा बिशप. ‘-एन्सिस’ किंवा ‘-इतानुस’ हे शेपूट काढून मूळ गाव ओळखण्याची सवय लावून घ्यावी, आणि विशेषणाचे रूपही आपल्या टिपणवहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

त्यानंतर त्या नावाची दुसरी गावे आहेत का हे पाहावे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच भागातले आहे. थोमास द कास्त्रो यांचे काका मातेउस द कास्त्रो हे दिवाडी बेटावरचे, महाले घराण्यातले. गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेना, तेव्हा ते खुष्कीच्या मार्गाने रोमला गेले, तेथे शिकले, आणि 1637 साली ख्रिसोपोलिसचे बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. पुढे आदिलशाही मुलखात त्यांनी काम केले आणि डिचोलीला त्यांचे वास्तव्य होते. आता ख्रिसोपोलिस म्हणजे ‘सोन्याचे नगर’, आणि या नावाची प्राचीन काळी अनेक गावे होती : एक बॉस्फरसच्या काठी, म्हणजे आजचे इस्तंबूलमधील उस्कुदार, एक मॅसिडोनियात आणि एक अरबस्तानाच्या रोमन प्रांतात. विजापूरचे व्हिकर अपोस्टॉलिक कुस्तोदियु द पिन्हो हेही गोव्याचेच. त्यांची पदवी हिएरापोलिसची, आणि हिएरापोलिस नावाची गावे तर फ्रिजियातही होती, सीरियातही होती. सूचीत प्रांताचे नाव दिलेले असेल तरच गाव निश्चित करावे. दिलेले नसेल तर ‘ख्रिसोपोलिस’ एवढेच लिहावे आणि नकाशावर टाचणी टोचण्याची घाई करू नये.

फुस्सालाच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण या नावाचे दुसरे पीठ नाही. पण शेजारच्या हिप्पोबाबत वेगळी सावधगिरी हवी. हिप्पो हे ऑगस्टिनचे प्रसिद्ध पीठ, परंतु ते आज नामधारी नाही. त्याचे नाव अल्जीरियातील चालू धर्मप्रांताला, कॉन्स्टंटिन-हिप्पो असे, जोडले गेले आहे. तेव्हा एखादे प्राचीन पीठ आज खरोखर नामधारी यादीत आहे की चालू धर्मप्रांताच्या नावात सामावले आहे, हे व्हॅटिकनच्या वार्षिक निर्देशिकेत, म्हणजे ‘आन्नुआरियो पोंतिफिचियो’मध्ये, पडताळून घ्यावे.

प्रांत समजून घ्यावा

गावाचे नाव हाती आले की ते कोणत्या रोमन प्रांतात होते हे लिहावे. रोमन उत्तर आफ्रिकेत प्रोकॉन्सुलारिस, नुमिदिया, बिझाकेना, दोन मॉरेतानिया आणि त्रिपोलितानिया असे प्रांत होते. चर्चच्या कारभारात या प्रांतांना महत्त्व होते, आणि फुस्सालाची गोष्ट समजायची असेल तर नुमिदियाची एक रीत माहीत असलीच पाहिजे. कार्थेजचा बिशप आपल्या प्रांताचा कायमचा प्रमुख असे, पण नुमिदियात असे ठरलेले मुख्य शहर नव्हते. ज्याच्या अभिषेकाला सर्वांत जास्त वर्षे झाली तो ज्येष्ठ बिशप प्रांताचा प्रमुख मानला जाई, मग त्याचे गाव कितीही आडबाजूला असो. त्यामुळे प्रमुख बहुधा वयोवृद्ध असे, आणि त्याला अभिषेकासाठी बोलवायचे म्हणजे दूरचा प्रवास घडे. ही बाब कोरड्या तपशिलासारखी वाटेल, परंतु फुस्सालाचे सगळे संकट तिच्यातूनच उभे राहिले.

प्राचीन साधने कोणत्या क्रमाने पाहावीत

आफ्रिकेतील कोणत्याही पीठासाठी तीन ठिकाणी हमखास शोध घ्यावा. पहिले ठिकाण म्हणजे 411 साली कार्थेजला झालेल्या महासभेचे इतिवृत्त. रोमन सम्राट दायोक्लेशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळानंतर आफ्रिकेच्या चर्चमध्ये कॅथलिक आणि दोनातपंथी, म्हणजे छळात डगमगलेल्या धर्मगुरूंना न मानणारे, अशी फूट पडली होती, आणि तिचा निकाल लावण्यासाठी शाही अधिकारी मार्सेलिनुस याच्यापुढे दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप हजर झाले. प्रत्येकाने आपले नाव आणि गाव सांगितले, आणि लेखनिकांनी ते उतरवून घेतले. म्हणून आफ्रिकेतील शेकडो खेड्यांच्या पीठांचा पहिला आणि कधी कधी एकमेव उल्लेख याच इतिवृत्तात मिळतो. दुसरे ठिकाण म्हणजे उत्तर आफ्रिका जिंकणाऱ्या व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा हुनेरिक याने 484 साली कार्थेजला बोलावलेल्या कॅथलिक बिशपांची प्रांतवार यादी. या बिशपांपैकी अनेकांना पुढे हद्दपार करण्यात आले. तिसरे ठिकाण म्हणजे त्या काळच्या धर्मपुरुषांची पत्रे आणि प्रवचने. आपल्या पीठाबद्दल पहिल्या दोन ठिकाणी केवळ एक नाव मिळेल, पण तिसऱ्या ठिकाणी काही मिळाले तर ती खाण असते.

फुस्सालाबाबत ही खाण सापडली आहे. ऑगस्टिनने पोप सेलेस्टीन यांना लिहिलेले 209वे पत्र पूर्वीपासून माहीत होते. त्यानंतर योहान्नेस दिव्याक या ऑस्ट्रियन विद्वानाला पॅरिस आणि मार्सेय येथील हस्तलिखितांत ऑगस्टिनची आजवर अज्ञात असलेली पत्रे सापडली, आणि ती 1981 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या क्रमांकापुढे तारा काढण्याची पद्धत आहे, म्हणजे जुन्या क्रमांकांशी गोंधळ होत नाही. त्यांतील तारांकित 20वे पत्र फाबिओला नावाच्या रोममधील प्रतिष्ठित स्त्रीला लिहिलेले असून त्यात फुस्सालाचीच हकिकत, अधिक तपशिलाने, आली आहे. येथे एक व्यवहारी सूचना करावीशी वाटते. 1981च्या आधीचा ज्ञानकोश किंवा त्यावरून उतरवलेली आंतरजालावरील नोंद वापरत असाल, तर तिच्यात हे दुसरे पत्र असणारच नाही. जुनी नोंद सुबक आणि भारदस्त दिसते म्हणून ती पूर्ण आहे असे समजू नये.

पत्र वाचताना काय टिपावे

पत्रातून केवळ बिशपाचे नाव आणि साल उचलून थांबू नये. गाव किती मोठे, कोणाची सत्ता, लोक कोणती भाषा बोलत, बिशप का नेमला, लोकांनी त्याला कसे स्वीकारले, या प्रश्नांची उत्तरे शोधत वाचावे. फुस्सालाच्या दोन पत्रांतून पुढील चित्र उभे राहते.

फुस्साला हिप्पोच्या हद्दीवरचे ठाणे होते, हिप्पोपासून 40 मैलांवर. तेथे पूर्वी कधीच बिशप नव्हता, ते हिप्पोच्या धर्मप्रांतातच मोडे. आसपासचा मुलूख मुख्यतः दोनातपंथीयांचा होता, आणि खुद्द गावात तर एकही कॅथलिक नव्हता. ऑगस्टिनने तेथे पाठवलेल्या पहिल्या धर्मगुरूंना लुबाडले गेले, मारहाण झाली, काहींना पंगू केले गेले, काहींचे डोळे काढले गेले, काहींचा जीव गेला. पुढे हा भाग हळूहळू कॅथलिक चर्चमध्ये आला, तेव्हा इतक्या लांबून त्याची काळजी घेणे आपल्याला जमत नाही असे वाटून ऑगस्टिनने तेथे स्वतंत्र बिशप नेमण्याचे ठरवले. बिशपाला प्युनिक, म्हणजे जुन्या कार्थेजची, भाषा यायला हवी होती, कारण तेथील ग्रामीण लोक लॅटिन नव्हे तर ती भाषा बोलत. असा एक धर्मगुरू ऑगस्टिनने तयार ठेवला आणि अभिषेकासाठी प्रांताच्या वृद्ध प्रमुखाला दूरवरून बोलावून घेतले.

ऐन वेळी त्या धर्मगुरूने नकार दिला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला काम न होताच परत पाठवणे ऑगस्टिनला जड गेले, आणि त्याने बरोबर आलेल्या अँतोनिनुस नावाच्या तरुणाला पुढे केले. अँतोनिनुस लहानपणी आईबरोबर हिप्पोला आला होता, गरिबीमुळे चर्चच्या आधाराने राहिला होता आणि ऑगस्टिनच्या मठातच वाढला होता. त्याने आजवर पाठक, म्हणजे उपासनेत शास्त्रवाचन करणारा, यापलीकडे कोणतेही पद सांभाळले नव्हते, आणि वयाची विशी त्याने नुकतीच ओलांडली होती. फुस्सालाच्या लोकांनी ऑगस्टिनच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला स्वीकारले.

पुढे लोकांनी तक्रारी केल्या, आणि त्या साध्या नव्हत्या. चारित्र्याविषयीचे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण लूट, दडपशाही आणि लोकांकडून घर बांधण्याचे सामान हिसकावून घेणे या गोष्टी पुढे आल्या. बिशपांच्या सभेने अँतोनिनुसला नुकसान भरून देण्यास सांगितले आणि एक विलक्षण निर्णय दिला : त्याचा बिशपपदाचा मान कायम राहील, पण तो फुस्सालाच्या लोकांवर अधिकार चालवणार नाही. जवळच्या थोगोनोएतुम नावाच्या जागी त्याचे आसन ठेवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तेथील कुळांनी जमिनीच्या मालकिणीला कळवले की हा बिशप आमच्यावर लादला तर आम्ही जमीन सोडून निघून जाऊ. आपल्याकडच्या कूळवहिवाटीची माहिती असलेल्या वाचकाला या धमकीचे वजन सांगावे लागत नाही. कुळे गेली म्हणजे पेरणी गेली.

अँतोनिनुस रोमला गेला आणि त्याने दाद मागितली. पोप बोनिफेस यांनी त्याच्या बाजूने, परंतु त्याने सांगितलेली हकिकत खरी असेल तर, अशा अटीवर पत्र दिले. बोनिफेस यांच्या मृत्यूनंतर 422 साली सेलेस्टीन पोप झाले, आणि ऑगस्टिनने त्यांना 209वे पत्र लिहिले. अँतोनिनुसचा युक्तिवाद त्यात नमूद आहे : मला एक तर माझ्या आसनावर बसू द्यायला हवे होते, नाहीतर मला बिशपच ठेवायला नको होते. ऑगस्टिन त्याला उत्तर म्हणून आफ्रिकेतील प्रिस्कुस, विक्तोर आणि लौरेन्तियुस या तीन बिशपांचे दाखले देतो. त्यांना वेगवेगळ्या शिक्षा झाल्या, त्यांपैकी लौरेन्तियुसला तर आपल्या आसनावर बसण्याची मनाई झाली होती, तरी तिघांपैकी कोणाचेही बिशपपद काढून घेतले गेले नाही. लोकांवर पुन्हा हा माणूस, आणि तोही सरकारी बळाच्या धाकाने, लादला जाऊ नये यासाठी ऑगस्टिन पोपना काकुळतीने विनवतो. आपल्या अविचाराने घडलेल्या या प्रकारामुळे बिशपपद सोडून पश्चात्तापात उरलेले आयुष्य काढावे असे मनात येते, असेही तो लिहितो. एका थोर धर्मपुरुषाने आपली चूक इतक्या उघडपणे मान्य केल्याचे वाचताना मी दर वेळी थबकतो.

आता या पत्राकडे नामधारी पीठांच्या संदर्भात पुन्हा पाहावे. दर्जा आहे पण भाविक नाहीत, असा बिशप असू शकतो का, हा वाद फुस्सालातच आणि त्या गावचे लोक जिवंत असतानाच झाला होता. पुढे साडेबाराशे वर्षांनी एका गोमंतकीयाला दर्जा देताना रोमने नेमके हेच नाव निवडले. ही निवड जाणूनबुजून झाली असे मी म्हणत नाही, परंतु नामधारी पीठावर लिहिणाऱ्याने हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, असे मात्र अवश्य म्हणेन.

पत्रांखेरीज ‘ईश्वराचे नगर’ या ऑगस्टिनच्या ग्रंथातही फुस्साला डोकावते. त्याच्या 22व्या भागात चमत्कारांच्या हकिकती सांगताना ऑगस्टिन हेस्पेरियुस नावाच्या गृहस्थाच्या झुबेदी येथील शेतवाडीचा उल्लेख करतो, आणि ती वाडी फुस्सालाच्या प्रदेशात असल्याचे सांगतो. या हेस्पेरियुसने यरुशलेमहून आणलेली पवित्र माती तेथे पुरून प्रार्थनास्थळ उभारले होते. असा उल्लेख चरित्रासाठी निरुपयोगी वाटला तरी टाकू नये, कारण गावाच्या भोवती मोठ्या जमीनदारांच्या वाड्या होत्या हे त्यातून कळते, आणि ते कुळांच्या धमकीशी जुळते.

नकाशा आणि शेवट

अंतर मोजताना रोमन मैल आणि आजचा मैल यांत घोळ करू नये. रोमन मैल सुमारे 1.48 किलोमीटरचा, म्हणून 40 मैल म्हणजे साधारण 59 किलोमीटर. हिप्पो आजच्या अन्नाबा शहराजवळ होते, तेव्हा फुस्साला त्याच्या आसमंतात, ग्रामीण डोंगराळ भागात शोधायला हवे. विद्वानांनी वेगवेगळी ठिकाणे सुचवली आहेत, तरी आपल्या लेखात ‘अन्नाबाच्या परिसरात’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

पीठ केव्हा संपले याचे एक साल बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि सांगण्याचा अट्टहास करू नये. 484च्या यादीत फुस्सालाचा बिशप मेलिओर आहे. 431 साली हिप्पो व्हँडलांच्या हाती गेले, 698 साली अरबांनी कार्थेज घेतले, आणि 1053 साली पोप लिओ 9वे यांनी आफ्रिकेत आता पाचच बिशप उरल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. या टप्प्यांच्या मधल्या काळात कोठेतरी फुस्सालाचे पीठ विझले. आपल्या नोंदीत शेवटचा ज्ञात बिशप आणि त्याचे साल द्यावे, आणि पुढची जागा कोरी सोडावी.

नंतरच्या नामधारी बिशपांची यादी

यादीचा हा भाग करणे सोपे आहे. मध्ययुगापासूनच्या बिशपांसाठी ‘हिएरार्किया कातोलिका’ ही अनेक खंडांची लॅटिन सूची आहे. 1909पासूनच्या नेमणुका व्हॅटिकनच्या ‘आक्ता आपोस्तोलिके सेदिस’ या अधिकृत नियतकालिकात मिळतात. नेमणुकीची तारीख आणि अभिषेकाची तारीख वेगवेगळी लिहावी, कारण रोमहून निघालेले पत्र भारतात पोहोचायला त्या काळी वर्षही लागे.

भारतातील 17व्या ते 19व्या शतकातील नामधारी बिशपांच्या नोंदी वाचताना पाद्रुआदो आणि प्रोपागांडा यांतील तंटा लक्षात ठेवल्याशिवाय काहीच उलगडत नाही. पूर्वेकडील धर्मप्रांतांवर बिशप सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, तो पाद्रुआदो. 1622 साली रोमने धर्मप्रसारासाठी प्रोपागांडा फिदे हे खाते उघडले, आणि राजाच्या हक्काला थेट धक्का न लावता आपले बिशप पाठवण्याची वाट काढली. नवा धर्मप्रांत काढला तर राजाचा हक्क लागू होण्याची भीती, म्हणून धर्मप्रांत न काढता पोपचा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपोस्टॉलिक, नेमायचा, आणि त्याला बिशपाचा दर्जा देण्यासाठी आफ्रिकेतील किंवा आशिया मायनरमधील एखादे नामधारी पीठ द्यायचे. काका-पुतणे द कास्त्रो आणि द पिन्हो यांच्या पदव्या अशा व्यवस्थेतून आल्या.

म्हणून नामधारी पीठ पाहिले की लगेच विचारावे : या प्रदेशात त्या वेळी दुसरा कोणी अधिकारी होता का? कानडात होता. 1681 साली गोव्याच्या महाधर्मप्रांताने बाणावलीचे जोसेफ वाझ, जे 2015 साली संत म्हणून घोषित झाले, यांना कानडात आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले. त्याच मुलखावर थोमास द कास्त्रो यांचा रोमकडून आलेला अधिकार होता. दोघेही गोव्याचे, दोघेही धर्मगुरू, आणि भाविकांना प्रश्न पडलेला की संस्कार कोणाच्या परवानगीने घ्यावेत. 1684 साली द कास्त्रो यांचे निधन झाले. फुस्साला या नावाचा नेमका उपयोग काय होता हे या वादातून स्पष्ट दिसते. ते नाव नसते तर द कास्त्रो बिशप नसते, आणि बिशप नसते तर त्यांना कानडात स्थानिक तरुणांना धर्मगुरुपदाची दीक्षा देता आली नसती.

मुंबईच्या बाबतीत हाच प्रश्न 19व्या शतकात विचारावा लागतो. तेथील व्हिकर अपोस्टॉलिकांपैकी आनास्तासियुस हार्टमान हे देर्बेचे आणि लिओ मोइरिन हे आस्कालोनचे नामधारी बिशप होते. 1886 साली पोप लिओ 13वे यांनी भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर केली आणि मुंबई महाधर्मप्रांत झाली. त्यानंतर मुंबईचा प्रमुख थेट मुंबईच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि नामधारी पीठे साहाय्यक बिशपांपुरती उरली. गोव्याच्या आर्चबिशपांची ‘ईस्ट इंडीजचे पेट्रिआर्क’ ही पदवी मात्र या प्रकारात मोडत नाही. ते चालू महाधर्मप्रांताचे प्रमुख आहेत आणि ही त्यांना मिळालेली अधिकची मानाची पदवी आहे, म्हणून तिची नोंद वेगळ्या ओळीत करावी.

नोंद कशी लिहावी

सर्व टिपणे झाली की पीठाची नोंद एका परिच्छेदात बांधावी. फुस्सालासाठी मी ती अशी लिहीन : ‘फुस्साला. लॅटिन विशेषण फुस्सालेन्सिस. रोमन नुमिदिया प्रांतातील गाव, हिप्पोपासून 40 रोमन मैलांवर, आजच्या अल्जीरियातील अन्नाबाच्या परिसरात. 5व्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिप्पोपासून वेगळे काढलेले पीठ. ज्ञात बिशप : अँतोनिनुस, ऑगस्टिनच्या 209व्या आणि तारांकित 20व्या पत्रांत, मेलिओर, 484. नंतर नामधारी. गोव्याचे थोमास द कास्त्रो, कानडाचे व्हिकर अपोस्टॉलिक, 1675 ते 1684.’ प्रत्येक विधान कोणत्या साधनावरून घेतले हे आपल्या टिपणवहीत समासात लिहून ठेवावे. पुढे नवे पत्र किंवा नवा शिलालेख सापडला तर कोणती ओळ बदलायची हे त्यावरून लगेच कळते, आणि फुस्सालाच्या बाबतीत 1981 साली तसे घडलेच होते.